अन्नाचे वावडे

इंदूर शहरात एखाद्याने ‘हे मला चालत नाही’ असे म्हणणे सोपे नाही. सराफ्यातील सोन्याचांदीची दुकाने रात्री बंद झाली की त्यांच्याच ओट्यांपुढे शेगड्या पेटतात, आणि मध्यरात्र उलटेपर्यंत भुट्ट्याचा कीस, गराडू, रबडी, जिलबी, दहीवडे यांची रेलचेल चालते. सकाळी पोहे-जिलबी, सणावारी दाल-बाफले आणि उन्हाळ्यात शिकंजी. ही शिकंजी म्हणजे इतरत्र मिळणारे लिंबाचे सरबत नव्हे. इंदुरी शिकंजी दाट दुधाची आणि सुक्या मेव्याची असते. लिंबाच्या अपेक्षेने पेला तोंडाला लावणारा परगावचा पाहुणा पहिल्या घोटालाच चकित होतो. अशा गावात खाऊ घालणे हा जिव्हाळ्याचा व्यवहार असतो. पाहुण्याने रबडीची वाटी बाजूला सारली की यजमानाचा चेहरा उतरतो, आणि मग आग्रहाचा तो ठरलेला प्रश्न येतो: ‘एवढ्याने काय होते?’ प्रश्न प्रेमाचा असतो यात शंका नाही. परंतु एवढ्याने पुष्कळ काही होते अशी माणसे प्रत्येक पंगतीत बसलेली असतात, आणि त्यांपैकी बहुतेक मुकाट्याने वाटी संपवतात.

मराठी भाषेने या माणसांची दखल फार पूर्वीच घेतली आहे. एखादा पदार्थ पचत नाही, मानवत नाही, सोसत नाही, बाधतो, त्याचे वावडे आहे, असे निरनिराळे शब्दप्रयोग आपण करतो. ते वरवर सारखे वाटले तरी त्यांच्या छटा वेगळ्या आहेत. आयुर्वेदाने तर यासाठी शास्त्रीय परिभाषाच सिद्ध केली. जे शरीराला मानवते ते सात्म्य, न मानवणारे ते असात्म्य, आणि केवळ सवयीने मानवू लागलेले ते ओकसात्म्य, असा विचार चरकसंहितेत आहे. ग्रीक वैद्यकातही हिपोक्रेटिसच्या नावावर असलेल्या एका ग्रंथात चीजचा दाखला येतो: एकाला ते पोटभर खाऊनही अपाय करीत नाही, दुसऱ्याला मात्र त्रास देते, तेव्हा दोष सरसकट चीजचा नसून त्या त्या शरीराच्या घडणीचा आहे. निरीक्षण दोन्हीकडे अचूक होते. कारण मात्र कळावयास विसावे शतक उजाडावे लागले, आणि ते कळले तेव्हा असे दिसून आले की ‘चालत नाही’ या दोन शब्दांआड अगदी भिन्न स्वभावाच्या गोष्टी लपलेल्या आहेत.

त्यांपैकी सर्वांत धोक्याची ती ॲलर्जी. १९२१ साली ब्रेस्लाउ येथे कार्ल प्राउस्निट्झ आणि हाइन्झ क्यूस्टनर या दोन संशोधकांनी एक विलक्षण प्रयोग केला. क्यूस्टनरला शिजवलेली मासळी वर्ज्य होती. खाल्ली की अंगावर गांधी उठत. प्राउस्निट्झला असला काही त्रास नव्हता. त्याने क्यूस्टनरच्या रक्तातील रक्तरस स्वतःच्या कातडीत टोचून घेतला आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी मासळीचा अर्क टोचला. तेवढ्याच जागी गांध उठली. म्हणजे वावडे रक्तरसातून एका शरीरातून दुसऱ्या शरीरात नेता येते, हे सिद्ध झाले. रक्तरसातील तो पदार्थ कोणता, हे १९६६-६७ च्या सुमारास अमेरिकेत इशिझाका पतिपत्नींनी आणि स्वीडनमध्ये योहान्सन व बेनिच यांनी शोधून काढले. आज तो आयजीई या नावाने ओळखला जातो. शरीराची संरक्षक यंत्रणा निरुपद्रवी अन्नालाच शत्रू समजते आणि त्याच्याविरुद्ध हे प्रतिपिंड तयार करते. यात प्रमाणाला फारसा अर्थ उरत नाही. ज्याला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे त्याला पोह्यांतील एखादा दाणादेखील पुरतो. ओठ सुजतात, श्वास कोंडतो, रक्तदाब उतरतो, आणि ॲड्रेनलिनचे इंजेक्शन वेळेवर न मिळाल्यास प्राणावरही बेतते. येथे आग्रहाला जागाच नाही.

दुधाचे न सोसणे ही याहून निराळी गोष्ट आहे, आणि माळव्यासारख्या दूधदुभत्याच्या प्रदेशात ती नीट समजून घेण्यासारखी आहे. दुधात लॅक्टोज नावाची शर्करा असते. गाईच्या दुधात शंभर मिलिलिटरमागे ती साधारण साडेचार ते पाच ग्रॅम भरते. आईच्या दुधात त्याहून अधिक, सुमारे सात ग्रॅम. ही शर्करा आहे त्या रूपात रक्तात शिरू शकत नाही. ती दोन लहान शर्करांची जोडी आहे, आणि ही जोडी फोडण्याचे काम लहान आतड्याच्या अस्तरावर असणारे लॅक्टेज नावाचे पाचक विकर करते. तान्ह्या मुलात ते भरपूर असते, कारण दूध हाच त्याचा सर्व आहार असतो. मूल वाढू लागले, दूध सुटले, की बहुतेक माणसांत या विकराची निर्मिती बालपणापासूनच हळूहळू घटत जाते. सर्व सस्तन प्राण्यांचा हाच क्रम आहे.

मग न फुटलेली शर्करा तशीच पुढे सरकते. वाटेत ती आतड्यात पाणी ओढून घेते, त्यामुळे पोटात गुरगुर होते आणि शौचास पातळ होते. मोठ्या आतड्यात पोहोचल्यावर तेथील जीवाणूंची मेजवानी सुरू होते. ते तिचे किण्वन करतात. त्यातून हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि काहींच्या पोटात मिथेन हे वायू निर्माण होतात. पोट फुगते, कळा येतात. दूध प्यायल्यानंतर अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत केव्हाही हा प्रकार सुरू होऊ शकतो. घरी आईने आग्रहाने पेलाभर दूध पाजलेला मुलगा शाळेत दुसऱ्या तासाला पोट धरून बसतो, त्याचे कारण पुष्कळदा हेच असते. शिक्षकांना वाटते, गणिताचा तास चुकवण्याचा हा बहाणा आहे. आईला वाटते, दूध टाळण्यासाठी केलेले हे सोंग आहे. दोघांचाही हेतू चांगला असतो. मुलाची मात्र दोन्हीकडून कोंडी होते. आणि आपल्या पोटात काय चालले आहे हे सांगण्यापुरते शब्द त्या वयात त्याच्याजवळ नसतात.

हे ओळखण्याची परीक्षा मोठी गमतीची आहे. जीवाणूंनी निर्माण केलेल्या हायड्रोजनचा काही भाग रक्तात मिसळतो, रक्तावाटे फुप्फुसांत येतो आणि श्वासातून बाहेर पडतो. माणसाच्या स्वतःच्या पेशी हा वायू तयार करीत नाहीत. म्हणून उपाशीपोटी मोजके लॅक्टोज पाण्यातून पाजून ठरावीक अंतराने श्वास तपासला, आणि हायड्रोजनचे प्रमाण दशलक्ष भागांत वीस भागांहून वर चढले, तर शर्करा पचली नाही असे समजतात. सुई नाही, रक्त नाही; पोटातील गुपित श्वासच सांगून जातो.

पूर्वी पाश्चात्त्य वैद्य दूध पचणे हाच मनुष्यमात्राचा नियम मानीत आणि न पचणे हा रोग समजत. १९६६ साली बाल्टिमोर येथे बेलेस आणि रोझेनस्वाइग यांनी दाखवून दिले की तेथील कृष्णवर्णीय प्रौढांत लॅक्टेजची कमतरता गोऱ्यांपेक्षा कितीतरी अधिक आहे. पुढे देशोदेशी तपासण्या झाल्या आणि चित्र अगदी उलटे झाले. जगातील सुमारे दोनतृतीयांश प्रौढांना दुधातील शर्करा पूर्णपणे पचत नाही. उत्तर युरोपातील लोक आणि काही पशुपालक जमाती यांना ती पचते. तेव्हा अपवाद ते आहेत. या अपवादाचे कारण २००२ साली फिनलंडमधील संशोधकांना सापडले: दुसऱ्या गुणसूत्रावर, लॅक्टेजच्या जनुकाच्या शेजारी, एका अक्षराचा बदल. तेवढ्या बदलाने विकराची निर्मिती प्रौढपणीही चालू राहते. हजारो वर्षे गुरे राखणाऱ्या समाजांत हा बदल टिकला आणि फैलावला.

भारतातील दोन हजारांहून अधिक लोकांची याच दृष्टीने झालेली पाहणी २०११ साली प्रसिद्ध झाली. तीत हैदराबादच्या पेशी व रेण्वीय जीवशास्त्र केंद्राचा सहभाग होता. युरोपात आढळणारा तोच बदल भारतातही आढळला. त्याचे प्रमाण वायव्येकडे अधिक असून दक्षिणेकडे आणि पूर्वेकडे ते उतरत जाते. माळवा या उतरणीच्या मधोमध आहे. त्यातून इंदूर हे तर वस्तीसाठी आलेल्यांचेच गाव: होळकरांबरोबर दक्षिणेतून आलेली मराठी कुटुंबे, राजस्थानातून आलेले व्यापारी, फाळणीनंतर आलेले सिंधी, आणि मूळचे माळवी. एकाच पंगतीत दोन्ही घडणींची माणसे शेजारी शेजारी बसलेली असणार यात नवल नाही. एकाने रबडीच्या दोन वाट्या रिचवाव्यात आणि दुसऱ्याने एकीतच घायाळ व्हावे, यात पहिल्याचा पराक्रम नाही आणि दुसऱ्याचा नखराही नाही.

मात्र ॲलर्जीत आणि यात मोठा भेद आहे तो प्रमाणाचा. येथे जीव धोक्यात येत नाही आणि थोडे चालते. लॅक्टेज कमी असलेल्या बहुतेकांना एका वेळी बारा ग्रॅमपर्यंत लॅक्टोज, म्हणजे साधारण एक पेलाभर दूध, जेवणाबरोबर घेतल्यास फारसा त्रास होत नाही. तेच उपाशीपोटी घटाघट प्यायले तर होतो. रोज थोडे थोडे घेत गेल्यास मोठ्या आतड्यातील जीवाणूही त्याला सरावतात. येथे ओकसात्म्याची आठवण झाल्यावाचून राहत नाही. अहितकर सवय एकदम न तोडता ती पावापावाने सोडावी आणि हितकर सवय पावापावाने धरावी, असा क्रम चरकसंहितेने सांगितलाच आहे.

आपल्या स्वयंपाकघरानेही या प्रश्नावर न बोलता तोडगा काढलेला दिसतो. दही लावताना जीवाणू दुधातील शर्करेचा काही भाग खाऊन टाकतात, आणि त्यांच्या अंगचे विकर पोटात गेल्यावरही काम करीत राहते. म्हणून दूध न सोसणाऱ्याला दही-ताक बहुधा सोसते. चक्का टांगला की पाण्याबरोबर आणखी शर्करा गळून जाते; श्रीखंडात जी साखर असते ती बहुतांशी वरून घातलेली. पनीराचे तसेच आहे. तुपात लॅक्टोज नाममात्रच उरते. उलट रबडी, बासुंदी, खवा हे दूध आटवून केलेले पदार्थ. त्यांत पाणी उडून जाते आणि शर्करा मागे राहते. ज्याला पेलाभर दूध जड जाते त्याने खव्याच्या पेढ्याला दूध समजू नये, ही चूक पुष्कळांची होते. भुट्ट्याच्या किसातही दूध असते, ते मक्याच्या चवीत लपून जाते.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. मुलाला हगवण लागून गेल्यावर आतड्याचे अस्तर दुखावलेले असते, आणि काही दिवस दूध पचेनासे होते. अस्तर भरून आले की ते पुन्हा पचू लागते. या तात्पुरत्या अवस्थेवरून ‘याला दूध बाधते’ असा जन्माचा शिक्का मारणे बरोबर नव्हे. अंगावरचे दूध तर यासाठी कदापि तोडू नये. जन्मतःच लॅक्टेज नसणे ही अत्यंत दुर्मीळ गोष्ट आहे. आणि ज्याचे दूध खरोखरच कमी करावे लागते त्याच्या ताटात चुन्याचा, म्हणजे कॅल्शियमचा, दुसरा साठा आला पाहिजे. शंभर ग्रॅम नाचणीत तो सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम असतो. तीळ आहेत, दही आहे. इंदुरात सोयाबीन तर घरचेच म्हणावयाचे. त्याचे राष्ट्रीय संशोधन केंद्र १९८७ पासून याच शहरात आहे. सोयाबीनच्या दुधात लॅक्टोज मुळीच नसते. मात्र सोयाबीनची ॲलर्जीही काहींना असते, हे ध्यानात ठेवलेले बरे.

दुधाहून कठीण प्रकरण गव्हाचे आहे. सीलिॲक नावाचा जो आजार आहे तो ॲलर्जी नव्हे आणि नुसते न पचणेही नव्हे. गव्हातील, जवातील आणि राय नावाच्या धान्यातील ग्लूटेन पोटात गेले की, काही विशिष्ट जनुके असलेल्या काही माणसांत, शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच आतड्यावर हत्यार उगारते. लहान आतड्याच्या आतल्या बाजूस मखमलीसारख्या बारीक उंचवट्यांचे अस्तर असते. अन्नरस शोषून घेण्याचे काम त्याचे. ते झिजून सपाट होते. मग मूल खाते, पण अंगी लागत नाही. पोट पुढे येते, हातपाय काटकुळे राहतात, उंची खुंटते, रक्त कमी होते. मोठ्या माणसात कधी पोटाची तक्रार नसतेच. केवळ औषधाला न जुमानणारा पांडुरोग किंवा हाडांचा ठिसूळपणा दिसतो.

१८८८ साली लंडनच्या सॅम्युअल गी याने या रोगाचे नेमके वर्णन केले आणि तो बरा व्हायचा तर आहारानेच होईल असे अनुमान बांधले. पण कोणत्या आहाराने? त्याचे उत्तर हॉलंडच्या विलेम कारेल डिके या बालरोगतज्ज्ञाने दिले. पाव बंद केल्यावर मूल सुधारते ही गोष्ट युद्धापूर्वी एका आईच्या सांगण्यावरून त्याच्या ध्यानी आली होती, असे सांगतात. पुढे १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये भीषण अन्नटंचाई झाली. पाव मिळेनासा झाला. सारा देश उपासमारीने खंगत असता ही रोगी मुले मात्र सुधारू लागली. आणि टंचाई संपून पाव परत आला तशी ती पुन्हा खालावली. १९५० साली उट्रेख्त विद्यापीठाला सादर केलेल्या प्रबंधात डिकेने गव्हाचा हा दोष मांडला. एका आईचे म्हणणे त्याने ‘काहीतरीच’ म्हणून उडवून लावले नाही, यावर किती मुलांचे प्राण अवलंबून होते!

पुष्कळ दिवस हा रोग युरोपियनांचा समजला जाई. आता उत्तर भारतातील पाहण्यांतून शंभर माणसांत सुमारे एकाला तो असल्याचे दिसले आहे. दक्षिणेत प्रमाण बरेच कमी आहे. माळव्याचे गहू प्रसिद्ध, बाफल्यांवाचून येथे सण होत नाही. तेव्हा येथील डॉक्टरांनी आणि आईबापांनी ही शक्यता मनात ठेवणे अगत्याचे आहे. रोग्याच्या दृष्टीने इंदूरची न्याहरीची बशी मोठी चमत्कारिक ठरते. पोहे तांदळाचे, शेव बेसनाची, म्हणून तो भाग निर्दोष. शेजारची जिलबी मैद्याची, म्हणून वर्ज्य. आणि फोडणीतील हिंगदेखील तपासावा लागतो, कारण बाजारातील बांधानी हिंगात बहुधा गव्हाचे पीठ मिसळलेले असते.

धर्माचरणातही हा प्रश्न उभा राहतो. सत्यनारायणाचा शिरा रव्याचा. कॅथलिक मिस्सामधील पवित्र भाकर तर गव्हाचीच असली पाहिजे असा नियम आहे. रोमने २००३ साली आणि पुन्हा २०१७ साली याचा खुलासा केला: ग्लूटेन अजिबात नसलेली भाकर चालणार नाही, अत्यल्प असलेली चालेल, आणि जिला तीही सोसत नाही अशा व्यक्तीने केवळ द्राक्षारस स्वीकारावा, तेवढ्याने प्रसादात उणेपणा येत नाही. शिऱ्याच्या बाबतीत तसा लेखी नियम नसला तरी कपाळाला लावून तो शेजाऱ्याच्या हाती देणाऱ्याला कोणी पाखंडी म्हणू नये.

याच्या उलट एक प्रकार अलीकडे बोकाळला आहे, त्याविषयीही बोलणे भाग आहे. पोट जरा बिघडले की कोणाच्या तरी सल्ल्याने गहू सोडायचा, महिन्याने दूध सोडायचे, मग डाळी. आहार आकसत जातो आणि मूळ दुखणे तसेच राहते. काही ठिकाणी रक्तातील आयजीजी प्रतिपिंड मोजून न चालणाऱ्या पदार्थांची लांबलचक यादी हाती देतात. हे प्रतिपिंड ते अन्न खाल्ल्याची खूण असते, ते बाधत असल्याची नव्हे. युरोपच्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संस्थेने २००८ सालीच ही परीक्षा अग्राह्य ठरवली आहे. कांदा, लसूण, हरभरा, गहू यांतील काही शर्करा मोठ्या आतड्यात आंबतात आणि हळव्या पोटाच्या माणसांना त्रास देतात, हे खरे. तेथे पदार्थ काही आठवडे थांबवून, मग एकेक परत आणून पाहणे हाच मार्ग. परत आणण्याची पायरी गाळली तर सगळाच खटाटोप व्यर्थ होतो.

सीलिॲकच्या बाबतीत तर घाईने गहू सोडणे अनर्थकारक ठरते. त्याची रक्तपरीक्षा प्रतिपिंडांवर आधारलेली आहे, आणि गहू बंद केला की ती हळूहळू नाहीशी होतात, आतडेही भरून येऊ लागते. मग तपासणीत काहीच सापडत नाही. म्हणून आधी गहू खात असतानाच रक्त तपासावे, जरूर तर दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा तपासावा, आणि निदान झाल्यावर गहू सोडावा. तो मात्र जन्मभर आणि पूर्णपणे. येथे ‘एवढ्याने काय होते’ हा प्रश्न पुन्हा वर्ज्य होतो, कारण ग्लूटेनमुक्त म्हणून विकल्या जाणाऱ्या अन्नातही एका किलोमागे वीस मिलिग्रॅमहून अधिक ग्लूटेन असता कामा नये, असा आपल्या देशाचा नियम आहे. चिमूटभर कणकेनेही ती मर्यादा ओलांडली जाते.

सुदैवाने मराठी घरातील ज्वारीची भाकरी आणि माळव्यातला मका ही दोन्ही धान्ये या रोग्याला चालतात. अडचण येते ती गिरणीत. गव्हावर ज्वारी टाकली की दगडांत आणि कापडी नळीत राहिलेली कणीक ज्वारीच्या पिठात उतरते, आणि घरच्यांनी जपून केलेल्या पथ्यावर पाणी पडते. सकाळी गिरणी उघडताच आपला डबा पहिला लावून भागत नाही, आदल्या रात्रीची कणीक तेथे असतेच. ज्या घरात असे मूल आहे तेथे पोळपाट-लाटणे, तवा आणि पिठाचा डबा वेगळा ठेवावा लागतो; आणि ज्वारी निवडून, धुऊन, घरच्या लहान चक्कीवर, किंवा माळ्यावर पडलेले आजीचे जाते खाली उतरवून, त्यावर दळावी लागते.